घसा, ज्येष्ठमध आणि रोहिणी

कार्तिकातली थंडी पडू लागली, की आपल्या घराघरांतून एक ठरावीक संवाद कानी येतो. "कालपासून घसा धरलाय गं." "मग मिठाच्या गुळण्या कर. रात्री हळद घालून दूध घे, आणि ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धर." एरवी ज्या घरात भाजी कोणती करावी यावरही एकमत होत नाही, त्या घरात या उपायांबद्दल मात्र आजीपासून नातवंडापर्यंत सर्वांचे एकमत असते. डॉक्टरकडे जायचे ते चार दिवसांनी, आणि तेही घसा हट्टाला पेटला तर.

वाचकहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. परंतु माणसाच्या घशालाही इतिहास आहे. लढाई काही रोज होत नाही, घसा मात्र राजाचाही दुखतो आणि रयतेचाही दुखतो. म्हणून या मिठाच्या गुळण्या, ही ज्येष्ठमधाची कांडी, हे मधाचे चाटण आपल्यापर्यंत कसे आले, आणि त्यांच्यावर किती भरवसा ठेवावा, हे इतिहासाला विचारून पाहण्यासारखे आहे. इतिहास याचे उत्तर देतो, आणि ते वाटते त्याहून अधिक गंभीर आहे.

आधी ती कांडीच पाहू. संस्कृतात हिचे नाव यष्टिमधु. यष्टी म्हणजे काठी. गोड काठी ती यष्टिमधु. गंमत अशी, की ग्रीक लोकांनीही तिला जे नाव दिले त्याचा अर्थ 'गोड मूळ' असाच आहे, आणि वनस्पतिशास्त्रातले तिचे आजचे नाव, ग्लिसिरायझा, त्याच ग्रीक शब्दांवरून आलेले आहे. थिओफ्रॅस्टस हा अॅरिस्टॉटलचा शिष्य. त्याने आपल्या वनस्पतींवरील ग्रंथात या मुळाची नोंद केली, ती 'स्किथियन मूळ' म्हणून. स्किथियन म्हणजे ज्यांना आपण शक म्हणतो त्यांचेच भाऊबंद. अझोव्ह समुद्राच्या आसपास हे मूळ होते आणि दमा, कोरडा खोकला व छातीचे विकार यांवर ते उपयोगी पडते, असे त्याने लिहून ठेवले. म्हणजे सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या पलीकडचा घोडेस्वारही आपल्या आजीचेच औषध चघळत होता! आपल्याकडे हे झुडूप फारसे होत नाही. इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया या बाजूंनी त्याची मुळे व्यापाऱ्यांमार्फत येत राहिली. जिला आपण अस्सल घरगुती म्हणतो, ती कांडी अशी दूरदेशीची पाहुणी आहे.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधांचे पन्नास वर्ग केलेले आहेत, दर वर्गात दहा द्रव्ये. त्यांतल्या एका वर्गाचे नावच मुळी 'कण्ठ्य', म्हणजे कंठाला हितकर. त्यात अनंतमूळ आहे, उसाचे मूळ आहे, ज्येष्ठमध आहे, पिंपळी आहे, द्राक्षे आहेत, भुईकोहळा, डोरली आणि रिंगणीही आहे. यादी नीट पाहिली तर ध्यानात येते, की यातली बरीचशी द्रव्ये गोड आणि स्निग्ध आहेत, तर थोडी तिखट-कडू आहेत. गोडाने कोरडा घसा ओलावतो, तिखटाने कफ सुटतो. आपल्या आजीने हा ग्रंथ कधी उघडलेला नसतो. पण तिच्या बटव्यात डोकावून पाहा, खडीसाखरेशेजारी पिंपळी आणि ज्येष्ठमधाशेजारी सुंठ सापडेलच. ग्रंथातले ज्ञान बटव्यात उतरले, की बटव्यातले ग्रंथात गेले, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. दोन्ही वाटांनी येणे-जाणे झाले असावे असेच मला वाटते.

गुळण्यांचेही तसेच. आपण 'गुळणी कर' एवढेच म्हणतो. सुश्रुताने मात्र त्यात दोन प्रकार केले. तोंडात द्रव इतका भरायचा की तो हलवताच येऊ नये, तो गंडूष. आणि तोंडात इकडून तिकडे खेळवता येईल इतकाच घ्यायचा, तो कवल. इतका बारीक विचार करणारी माणसे घशाच्या दुखण्याला हसण्यावारी नेणारी नव्हती, हे उघड आहे.

आणि आता मुद्द्याची गोष्ट येते. सुश्रुताने मुखाचे एकूण ६५ रोग सांगितले. त्यांतले १७ एकट्या कंठाचे. सतरा! आपल्या घरच्या बोलीत मात्र या सगळ्यांना मिळून एकच नाव: घसा दुखतोय. सुश्रुताच्या त्या सतरांमध्ये एक नाव आहे 'रोहिणी'. नाव मोठे गोड, पण रोग भयंकर. कंठात मांसाचे अंकुर वाढतात, गळा रोधला जातो आणि प्राण जातो, असे तिचे वर्णन आहे. तिचे पाच प्रकार सांगून त्यांतला एक तर असाध्यच मानला आहे. आधुनिक काळातल्या अनेक अभ्यासकांना या रोहिणीत घटसर्पाची ओळख पटते. घटसर्प म्हणजे डॉक्टर ज्याला डिप्थीरिया म्हणतात तो. ज्येष्ठमधाने शमणारा घसा कोणता आणि माणसाला घेऊन जाणारा कोणता, हा भेद आपल्या जुन्या वैद्यांनी केला होता. त्या दुसऱ्या घशावर त्यांच्याजवळ खात्रीचे औषध नव्हते, ही गोष्ट निराळी. रक्त काढणे, वमन, औषधी धूर, गंडूष, नस्य हेच त्यांचे उपाय होते.

मग प्रश्न असा पडतो, की हजारो वर्षे लोक या घरगुती उपायांवर विसंबले ते का? उत्तर सोपे आहे. घसा दुखण्याची बहुतेक कारणे साधी असतात. विषाणूंमुळे पडसे होते, घसा सुजतो आणि आठवडाभरात शरीर आपले आपण बरे होते. त्या आठवड्यात जो कोणी जे काही देईल, त्याला यश येते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! कुणी गुळण्यांना श्रेय देतो, कुणी काढ्याला, तर कुणी शेजारच्या बुवांच्या अंगाऱ्याला. म्हणून एखादा उपाय दोन हजार वर्षे टिकला, एवढ्याने तो रोग बरा करतो असे सिद्ध होत नाही. रक्त काढण्याचा उपायही दोन हजार वर्षे टिकला होता.

त्या उपायाने काय केले, याचा एक दाखला अमेरिकेच्या इतिहासात आहे. १७९९ चा डिसेंबर महिना. राष्ट्राध्यक्षपदावरून निवृत्त झालेले जॉर्ज वॉशिंग्टन माउंट व्हर्नन येथे आपल्या शेतीवाडीवर राहत होते. वय ६७. बारा तारखेला ते बर्फगारांच्या माऱ्यात काही तास घोड्यावरून रपेट करून आले. दुसऱ्या दिवशी घसा बसला. "आला तसा जाईल," म्हणून त्यांनी औषध घेतले नाही. चौदा तारखेच्या पहाटे मात्र श्वास घेणे कठीण झाले. घरच्या लोकांनी काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचे मिश्रण करून दिले. पाहा, हेही एक चाटणच! पण ते गिळता येईना. गिळू जाता जीव गुदमरू लागला. मग रक्त काढले. डॉक्टर आले, त्यांनी आणखी काढले, पुन्हा काढले. दिवसभरात सुमारे ८० औंस, म्हणजे अडीच लिटरांच्या आसपास, रक्त त्या वृद्ध देहातून गेले. तिघा डॉक्टरांत जो वयाने सर्वांत लहान होता, तो एलिशा डिक. त्याने सुचवले, की रक्त काढणे थांबवा आणि श्वासासाठी श्वासनलिकेला छिद्र करा. हा उपाय तेव्हा फारसा कुणी केलेला नव्हता. वडीलधाऱ्यांनी तो मानला नाही. त्याच रात्री वॉशिंग्टन वारले. स्वरयंत्रावरचे झाकण सुजून श्वासाची वाट बंद झाली असावी, असे पुढच्या काळातल्या बऱ्याच डॉक्टरांनी अनुमान काढले. एवढ्या मोठ्या सैन्याशी झुंजलेला सेनापती, आणि त्याला नेले ते घशाने.

यानंतर युरोपने ओळखायला सुरुवात केली, की घसा दुखणे हे एक दुखणे नव्हे. १८२६ मध्ये फ्रान्समधील तूर गावच्या ब्रेतोनो या डॉक्टराने घशात चामड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाला स्वतंत्र नाव दिले. चामडे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते बनवले; त्यातूनच डिप्थीरिया हा शब्द रूढ झाला. नाव मिळाले, पण औषध मिळाले नाही. मुले पटापट जातच राहिली. श्रीमंतीचाही तेथे काही इलाज चालत नव्हता. राणी व्हिक्टोरियाची कन्या अॅलिस जर्मनीतील हेस संस्थानात दिली होती. १८७८ च्या नोव्हेंबरात तिच्या घरात घटसर्प शिरला. नवरा आजारी, एकाला सोडून सगळी मुले आजारी. चार वर्षांची धाकटी मुलगी दगावली. ही बातमी आईने आजारी मुलाला सांगितली, तो रडू लागला, आणि त्याला समजावताना तिने त्याला जवळ घेतले, असे सांगतात. थोड्याच दिवसांत अॅलिसलाही घटसर्प झाला आणि १४ डिसेंबर १८७८ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, ती मरण पावली. तारीख योगायोगाने वॉशिंग्टनचीच. साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, पण सम्राज्ञीच्या लेकीच्या घशापुढे सारे साम्राज्य हतबल होते.

पुढची वीस वर्षे मात्र वैद्यकाच्या इतिहासातली फार मोठी वर्षे ठरली. १८८३ मध्ये क्लेब्सने घटसर्पाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. १८८४ मध्ये लफ्लरने तो वेगळा काढून वाढवला. १८८८ मध्ये पॅरिसमध्ये रू आणि येर्साँ यांनी दाखवून दिले, की हा जंतू घशातच बसून राहतो; शरीरभर पसरते ते त्याचे विष. मग १८९० मध्ये बर्लिनमध्ये बेरिंग आणि जपानचे किटासाटो यांनी विषावर उतारा शोधला. प्राण्याला थोडे थोडे विष टोचत गेले, की त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते. ते रोग्याला टोचायचे. १८९४ मध्ये रू यांनी पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयातला अनुभव जाहीर केला: जिथे सुमारे निम्मी मुले मरत, तिथे आता चौथा हिस्सा मरू लागली. चौथा हिस्सा हाही काही थोडा नव्हे. पण ज्या आईचे मूल त्या वाचलेल्यांत होते, तिला विचारा त्याचे मोल. १९०१ मध्ये वैद्यकाचे पहिलेच नोबेल पारितोषिक बेरिंग यांना मिळाले, ते याच कामासाठी. पुढे घोड्यांच्या रक्तापासून अशी प्रतिविषे तयार करण्याचे काम आपल्याकडे मुंबईच्या हाफकिन संस्थेतही झाले.

१९२५ च्या जानेवारीत अलास्कातील नोम गावी घटसर्पाची साथ आली. समुद्र गोठलेला, विमान उडण्याची सोय नाही. तेव्हा कुत्र्यांच्या गाड्या हाकणाऱ्या वीस जणांनी हातोहात ते प्रतिविष ६७४ मैल बर्फातून साडेपाच दिवसांत नेऊन पोचवले. घसा दुखणाऱ्या मुलांसाठी माणसे आणि जनावरे अशी धावली. आणि ज्या लशीमुळे असे धावणेच पडू नये, तिचा पाया फ्रान्सच्या रामों यांनी त्याआधी दोनच वर्षे, १९२३ मध्ये, घातला होता. त्यांनी घटसर्पाचे विष निरुपद्रवी करून टोचण्याजोगे केले. भारतात १९७८ पासून बालकांच्या लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला, त्यात घटसर्पाची लस आहे.

घशाचा आणखी एक छुपा शत्रू आहे, आणि तो घसा बरा झाल्यावर घाव घालतो. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, चार-सहा दिवसांत सारे शमते. आई म्हणते, "गुळण्यांनी गुण आला." दोन-तीन आठवड्यांनी गुडघे-घोटे सुजतात, पुन्हा ताप येतो, आणि हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊन बसते. याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या एका वायुदलाच्या तळावर सैनिकांना पेनिसिलिन देऊन डॉक्टरांनी १९५० मध्ये दाखवून दिले, की घसा वेळीच पेनिसिलिनने बरा केला तर हा पुढचा अनर्थ टळतो. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्यामागचे महत्त्व या एका उदाहरणावरूनही कळावे.

येथपर्यंत आल्यावर कुणी विचारील, "तर मग काय, आजीचा बटवा फेकून द्यायचा?" मुळीच नाही! बटव्यातल्या काही वस्तू नव्या परीक्षेतही चांगल्या उतरल्या आहेत. अडुळशातून डेव्हिड हूपर यांनी १८८८ मध्ये व्हॅसिसीन हे द्रव्य वेगळे काढले. त्याच्याच धर्तीवर पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, आणि आज ते दुकानोदुकानी मिळते. शस्त्रक्रियेच्या वेळी घशात नळी घातल्याने जो घसा दुखतो, त्यावर ज्येष्ठमधाच्या गुळण्यांचा उपयोग होतो, असे भारतातल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये आणि व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये पडताळून पाहिले. जपानमध्ये ३८७ लोकांवर प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या साध्या पाण्याने रोज गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-पडसे कमी झाले, आणि आयोडिनाच्या औषधी गुळण्या त्याहून सरस ठरल्या नाहीत. पाणीच जिंकले म्हणायचे! खोकल्याला मध उपयोगी पडतो हेही आता डॉक्टर मान्य करतात.

मात्र बटवा उघडताना काही पथ्ये पाळायला हवीत, आणि ती अलीकडे कळलेली आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. मधात कधी कधी असे बीजाणू असतात, की त्यांपासून बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन त्याचे अंग लुळे पडते. हा रोग प्रथम १९७६ मध्ये ओळखला गेला. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला मध चाटवण्याची जुनी रीत आहे. रीत प्रेमाची आहे खरी, पण बाळ त्याहून प्रेमाचे आहे. तसेच ज्येष्ठमध रोज आणि फार दिवस खाल्ले, तर रक्तदाब वाढतो व अंगातले पोटॅशियम कमी होते; तेव्हा रक्तदाबाच्या रोग्यांनी आणि गरोदर बायांनी ते चघळत बसू नये. दुसऱ्या टोकाला जाऊ नये हेही तितकेच खरे. घसा जरा खवखवला की दुकानातून आपल्या मनाने पेनिसिलिनच्या जातीच्या गोळ्या आणून गिळायच्या, हा उपाय गुळण्यांपेक्षा वाईट. विषाणूंवर त्या गोळ्या चालत नाहीत, आणि खरी गरज पडेल तेव्हा जंतूंना त्यांची सवय झालेली असते.

मग मर्यादा कोठे घालायची? सुश्रुताने घातली तेथेच: कंठ रोधला जात असेल, तर तो साधा घसा नव्हे. स्वतःची लाळ गिळता येत नाही, श्वास घेताना आवाज होतो, तोंड उघडत नाही, घशात राखी-पांढरट पापुद्रा दिसतो, मान सुजते. यांतले काहीही दिसले तर हळदीचे दूध उकळत बसू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा. मुलाचा घसा दुखतो, ताप चांगलाच आहे, पण खोकला-पडसे नाही, तर डॉक्टरांना दाखवा. घसा दुखून गेल्यावर सांधे सुजले तर दाखवाच. आणि तंबाखू-विडीची सवय असलेल्या माणसाचा आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर "घसा बसलाय, दुसरं काय!" असे म्हणून सोडून देऊ नका.

घटसर्प हा आता इतिहासजमा रोग झाला, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आजही आपल्या देशात त्याचे रोगी दरवर्षी सापडतात, आणि लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुले त्याला सहज बळी पडतात. पहिल्या वर्षातली टोचणी झाली की आईबाप निर्धास्त होतात. परंतु दीड वर्षाला, पाच ते सहाव्या वर्षी, दहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी पुन्हा लस द्यायची असते, ती राहून जाते. तेव्हा, वाचकहो, या थंडीत मिठाच्या गुळण्या अवश्य करा, हळदीचे दूधही घ्या, ज्येष्ठमधाची कांडीही चघळा. फक्त कांडी तोंडात धरलीत, की एकदा कपाटातले मुलांचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. त्यावरची एखादी चौकट रिकामी असेल, तर उद्या सकाळीच ती भरून आणा.